मोकळी जमीन म्हणजे किती? गिरणगाव आणि नियम 58

नगररचना शिकणाऱ्या मुलांना घेऊन मी दरवर्षी एकदा करी रोड स्टेशनवर उतरतो आणि ना. म. जोशी मार्गाने लोअर परळकडे चालत निघतो. अंतर थोडं आहे, पण दोन तास सहज जातात, कारण जागोजागी थांबावंच लागतं. वाटेत बीडीडी चाळी लागतात, काचेचे टॉवर लागतात, कुठल्यातरी टॉवरच्या आवारात गिरणीची विटांची चिमणी शोभेला ठेवलेली दिसते. मुलं चिमणीचे फोटो काढतात. मी त्यांना म्हणतो, आता चिमणीकडे पाठ करा आणि रस्ता बघा. पाळी सुटल्यावर कामगारांचे लोंढे ज्या रस्त्यांनी चाळीत जायचे, जवळपास त्याच रुंदीच्या रस्त्यांवर आज ऑफिसची गर्दी, रिकाम्या टॅक्सीची वाट बघणारी माणसं आणि मॉलच्या पार्किंगकडे वळणाऱ्या गाड्या आहेत. बसायला बाग शोधा म्हटलं तर मुलं फोनवर नकाशा उघडतात आणि गप्प होतात.

कापडगिरण्यांखालची सुमारे 600 एकर जमीन मुंबईच्या अगदी मधोमध, एकाच काळात, एकाच कारणाने रिकामी होणार होती. भारतातल्या दुसऱ्या कुठल्या महानगराच्या मध्यभागी अशी संधी आल्याचं मला आठवत नाही. त्या जमिनीतला एक मोठा हिस्सा मैदानांसाठी आणि एक मोठा हिस्सा सामान्यांच्या घरांसाठी घ्यायचा, असा नियमही लिहिला गेला होता. मग बाग कुठे गेली?

याचं तयार उत्तर म्हणजे ‘संप झाला, गिरण्या बंद पडल्या, जमीन बिल्डरांकडे गेली.’ यातलं प्रत्येक विधान खरं आहे, तरी उत्तर अपुरं आहे. गिरण्या मँचेस्टरमध्येही बंद पडल्या आणि अहमदाबादेतही. उद्योग जातो तेव्हा शहराला एक धक्का बसतो. पुढे शहराचं काय होतं ते मात्र त्या उद्योगाखालच्या जमिनीचे वाटे कसे पडतात यावर ठरतं. गिरणगावात हे वाटे ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थाने पाडले. म्हणून मी हे प्रकरण शिकवताना संपापाशी थोडा वेळ थांबतो आणि नियमापाशी फार.

गिरण्यांचा गाव

कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये मुंबईतल्या पहिल्या सूतगिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये ताडदेवला ती सुरू झाली. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसात मिळालेला पैसा पुढे गिरण्यांत उतरला. भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, शिवडी, प्रभादेवी हा सगळा पट्टा हळूहळू गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसं आली. बायका-मुलं गावी, आणि इथे एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे आठ-दहा जण. एकाच गावची माणसं एकत्र राहायची ते गाळे, खानावळवाल्या बायका, तालमी, भजनी मंडळं, गणपती हे सगळं गिरणीपासून चालत पोहोचता येईल एवढ्या अंतरात होतं. काम आणि घर पायी जाण्याच्या टप्प्यात असावं असं आज नगररचनेची पुस्तकं सांगतात. गिरणगावात ते गरजेपोटी आपसूक जमलेलं होतं, फक्त घरं माणसाच्या लायकीची नव्हती. 1920 च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली 160 चौरस फुटांची.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नियोजनकारांचं मत बनलं होतं की बेटावरच्या मुंबईतून कारखाने बाहेर काढायला हवेत, गर्दी कमी करायला हवी. 1967 मध्ये मंजूर झालेला शहराचा पहिला विकास आराखडा, नंतरचं उद्योग विकेंद्रीकरणाचं धोरण आणि 1970 मध्ये सिडको स्थापून खाडीपलीकडे उभं राहू लागलेलं नवीन शहर, या सगळ्यांची दिशा एकच होती. त्या विचाराला त्या काळात आधार होता. पण कारखाना गेल्यावर त्या जागेवर काय यावं, आणि त्या कारखान्यावर जगणाऱ्या माणसांनी कुठे जावं, याचं उत्तर कुठल्याच आराखड्यात नीट लिहिलेलं नव्हतं. तसं बघितलं तर संप सुरू होण्याच्या आधीच ही पोकळी तयार होती.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला. साठीच्या आसपास गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. मागणी पगाराची आणि बोनसची होती, तशीच मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली एकाच मान्यताप्राप्त संघटनेला मिळालेला बोलणी करण्याचा मक्ता मोडण्याचीही होती. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या आधीच मालकांनी यंत्रांत पैसा घालणं थांबवलेलं होतं आणि कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणलं जाऊ लागलं होतं. संपामुळे गिरण्या मेल्या की मरू घातलेल्या गिरण्यांना संपाचं निमित्त मिळालं, हा वाद आजही लालबागच्या चहाच्या टपरीवर रंगतो. 1983 मध्ये केंद्र सरकारने मुंबईतल्या 13 गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्या आणि आधीच्या मिळून राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, 25 गिरण्या झाल्या. बाकीच्या बहुतेक खासगी.

डेट्रॉइटचं उदाहरण इथे मुलं हमखास काढतात. 1950 मध्ये साडेअठरा लाख वस्तीचं ते शहर 2010 पर्यंत सात लाखांवर आलं आणि 2013 मध्ये महापालिकेने दिवाळखोरी जाहीर केली. पण तिथे उद्योग गेला तशी जमिनीची किंमतही गेली. परळमध्ये नेमकं उलटं झालं. गिरणी तोट्यात, आणि तिच्याखालची जमीन दर वर्षी सोन्यासारखी चढत होती. कापड विकून जे मिळणार नाही ते गिरणी बंद ठेवून मिळणार, हे गणित कामगारांच्याही लक्षात आलेलं होतं. जमिनीला भाव राहिला नाही म्हणून ओस पडलेल्या शहराचे उपाय वेगळे असतात. जिथे जमिनीचा भावच कारखान्याला गिळतो, तिथे शहराच्या हातात एकच हत्यार असतं. वाढलेल्या किमतीतला समाजाचा वाटा कायद्याने काढून घेणं. परळच्या जमिनीला भाव आला तो दोन रेल्वेमार्गांमुळे, पालिकेच्या रस्त्यांमुळे, पाण्यामुळे आणि शंभर वर्षं इथे राबलेल्या माणसांमुळे. त्यात काही गिरण्यांच्या जमिनी तर भाडेपट्ट्याच्याच होत्या.

नियम 58

हा वाटा मागण्याचा प्रामाणिक प्रयत्न 1991 मध्ये झाला, हे आवर्जून सांगायला हवं. बृहन्मुंबईची विकास नियंत्रण नियमावली त्या वर्षी मार्चमध्ये लागू झाली. तिच्यातला 58 वा नियम गिरण्यांच्या जमिनींसाठी होता. जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने तीन वाटे करायचे. एक पालिकेला, मैदानं आणि बागांसाठी. दुसरा म्हाडाला, सार्वजनिक घरांसाठी. तिसरा मालकाला, त्याला हवं ते बांधायला. नेमकी टक्केवारी जमिनीच्या आकारानुसार थोडी बदलायची. जागा लहान असेल तर मालकाला 40 टक्क्यांपर्यंत, मोठी असेल तर 30 टक्के.

मला आजही हा नियम त्या काळातला धाडसी नियम वाटतो. पण त्यात एक फट होती. गिरणीच्या जुन्या इमारती न पाडता त्यांचाच दुसरा वापर करायचा असेल, तर जमीन द्यावी लागत नव्हती. हेतू चांगला असावा. जुन्या दगडी इमारती टिकाव्यात, काहीतरी उद्योग राहावा. प्रत्यक्षात मालकाने विचार केला की दोन तृतीयांश जमीन देऊन बांधण्यापेक्षा आहे त्या शेडमध्येच ऑफिसं आणि दुकानं थाटली तर काहीच द्यावं लागत नाही. साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, जागी टेबलं लागली, गोदामाचं हॉटेल झालं. फिनिक्स मिलचा मॉल कसा वाढत गेला ते मुंबईकरांनी डोळ्यांनी पाहिलं आहे. दहा वर्षांत वाटणीसाठी पुढे आलेल्या जमिनी अगदी मोजक्या होत्या.

मग 20 मार्च 2001 ला नियम बदलला. आता वाटणी संपूर्ण जमिनीची नाही, तर फक्त ‘मोकळ्या जमिनीची आणि शिल्लक चटई क्षेत्राची’ व्हायची. चटई क्षेत्र म्हणजे त्या जमिनीवर नियमाने बांधता येणारं एकूण क्षेत्रफळ. इमारती जिथे उभ्या आहेत ती जागा मालकाची. आणि त्या इमारती पाडल्या तर? पाडून रिकामी झालेली जागा ‘मोकळी जमीन’ धरायची नाही, असा अर्थ सरकारने 2003 मध्ये स्पष्ट केला.

हे मुलांना नुसतं सांगून कळत नाही. म्हणून मी प्रत्येकाला एक आलेख कागद देतो आणि त्यावर एक काल्पनिक गिरणी काढायला लावतो. जमीन आठ हेक्टर, म्हणजे साधारण वीस एकर. गिरण्यांची रचना आठवा. साचे खात्याच्या लांबच लांब बैठ्या शेडी, उत्तरेकडून उजेड घेणारी करवतीच्या दात्यांसारखी छपरं, सूत खात्याच्या मजली इमारती, बॉयलर, गोदामं, मध्ये गाड्या फिरण्यापुरती जागा, कुठे एखादं तळं. बहुतेक जमीन छपराखाली. समजा सहा हेक्टर छपराखाली आणि दोन हेक्टर उघडी. छपराखालची जागा तपकिरी रंगवा, उघडी हिरवी.

1991 च्या नियमाने तीन सारखे वाटे धरले तर पालिकेला सुमारे 2.67 हेक्टर, म्हाडाला तेवढेच, मालकाला तेवढेच. 2001 च्या नियमाने, शिल्लक चटई क्षेत्राचा हिशेब क्षणभर बाजूला ठेवू, वाटणी फक्त हिरव्या दोन हेक्टरांची. पालिकेला 0.67, म्हाडाला 0.67, मालकाला 0.67 आणि शिवाय तपकिरी सहा. म्हणजे आठांपैकी 6.67 हेक्टर मालकाकडे. पालिकेच्या वाट्याला 1991 मध्ये फुटबॉलची जवळपास चार मैदानं आली असती, 2001 मध्ये एक. यानंतर मी सांगतो, आता तपकिरी भाग खोडरबराने पुसा. गिरणी पाडली. कागद पांढरा होतो. आता यात मोकळी जमीन किती? मुलं म्हणतात, सगळी. नियम म्हणतो, दोन हेक्टर.

इथे वर्गात दर वर्षी शांतता पसरते. दोन शब्दांच्या व्याख्येत एवढी मैदानं मावतात हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळतं. आपण नगररचना म्हणजे नकाशे, रंग, रस्त्यांच्या रेषा समजतो. शहराचं बरंचसं भवितव्य मात्र नियमावलीच्या बारीक अक्षरातल्या व्याख्यांमध्ये ठरतं, आणि ती पानं हरकती-सूचनांच्या मुदतीत वाचणारी माणसं फार थोडी असतात.

न वापरलेला नकाशा

1991 आणि 2001 च्या मध्ये आणखी एक दार उघडलं होतं. 1996 मध्ये राज्य सरकारने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली गिरण्यांच्या जमिनींसाठी एक अभ्यासगट नेमला. कोरिया म्हणजे प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांच्यासोबत साठच्या दशकात खाडीपलीकडच्या नव्या शहराची कल्पना मांडणारे, पुढे सिडकोचे मुख्य वास्तुरचनाकार झालेले. तीस वर्षांनी त्याच माणसाला जुन्या शहराच्या पोटाचं काय करायचं ते विचारलं गेलं.

समितीचा अभ्यास एनटीसीच्या गिरण्यांपुरता राहिला. तरी तिने मांडलेला मुख्य मुद्दा सगळ्यांना लागू होता. एकेक गिरणी सुटी सुटी घेऊ नका, सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करा. कारण सोपं आहे. प्रत्येक गिरणीने आपापल्या आवारात कोपऱ्यातला तुकडा बागेसाठी दिला तर शहराला पन्नास तुकडे मिळतात, त्यातले निम्मे भिंतीआड. शेजारशेजारच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र घेऊन हद्दी नव्याने आखल्या तर एक मोठं मैदान निघतं, स्टेशनाला जोडणारा पायी चालायचा रुंद रस्ता निघतो, घरांसाठी सलग जागा निघते. जमीन कमी-जास्त न करता फक्त जागा बदलून हे साधतं. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा 1915 पासून आहे, आणि जमिनी एकत्र करून पुन्हा वाटायची पद्धत त्यातच आहे. म्हणजे कोरिया समितीला परदेशातून काही आणायचं नव्हतं.

याहून जुना एक धागा आहे, तो मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस 1919 मध्ये मुंबई विद्यापीठात नव्या समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र विभागाचे पहिले प्राध्यापक झाले. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. गेडिस यांचं सांगणं असं की आधी पाहणी, मग निदान, आणि त्यानंतर उपचार. वस्ती उपटून न टाकता जिथे कापायलाच हवं तेवढंच कापावं. हे विचार मांडणारा माणूस गिरणगावापासून काही मैलांवर बसून शिकवत होता. ऐंशी वर्षांनी त्याच शहरात उपचार आधी झाला आणि पाहणी एका समितीच्या अहवालात पडून राहिली.

कोर्टात

2005 मध्ये एनटीसीने पाच गिरण्यांच्या जमिनी विकायला काढल्या. ज्युपिटर, अपोलो, मुंबई टेक्सटाइल, एल्फिन्स्टन आणि कोहिनूर क्रमांक 3. एकट्या मुंबई टेक्सटाइलला 702 कोटी आले, दादरच्या कोहिनूरला 421 कोटी. पाचांचे मिळून 2,000 कोटींच्या वर. वर्तमानपत्रांत हे आकडे छापून आले तेव्हा किती मोठी मालमत्ता हातातून निसटते आहे हे सामान्य वाचकालाही समजलं.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या पर्यावरणवादी संस्थेने 2001 च्या बदलाला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. 17 ऑक्टोबर 2005 ला निकाल लागला. न्यायालयाने ‘मोकळी जमीन’ याचा अर्थ असा लावला की इमारती पाडल्यावर उघडी होणारी जागाही त्यात येते. त्याआधी तीन महिन्यांच्या आतच, 26 जुलैला, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. मोकळी जमीन शहराला कशासाठी लागते हे तेव्हा मुंबईत कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पण 7 मार्च 2006 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि सरकारचा अर्थ कायम राहिला.

दुसरी बाजू मी मुलांपुढे पूर्ण ताकदीने मांडतो, कारण ती पोकळ नाही. 1991 च्या नियमाखाली दहा वर्षांत फारसं काही हाती आलं नव्हतं. गिरण्या आजारी होत्या, आजारी उद्योगांच्या मंडळापुढे त्यांच्या पुनरुज्जीवनाच्या योजना होत्या, बँकांची कर्जं होती. कामगारांचे पगार, ग्रॅच्युइटी, स्वेच्छानिवृत्तीचे पैसे थकलेले होते, आणि ते जमीन विकल्याशिवाय मिळणार नव्हते. मालकाला काही उरलंच नाही तर तो जमीन बाहेर काढणारच नाही, हे म्हणणं व्यवहाराला धरून आहे.

तरी मला ते पटत नाही. 1991 चा नियम फसला तो जुन्या इमारतींच्या सवलतीमुळे. दुरुस्ती तिथे हवी होती. शेडमध्ये ऑफिस चालवायचं असेल तरी वाटा द्यावा लागेल, एवढी एक ओळ पुरली असती. सरकारने फट बुजवण्याऐवजी फटीच्या मापाने दार पाडलं. आणि कामगारांची देणी चुकवण्यासाठी जमीन विकणं भाग होतं हे मान्य केलं, तरी ती देणी शहराच्या मैदानांतून का चुकवायची? ती जमीन विकत घेणाऱ्याच्या नफ्यातूनही चुकवता आली असती. पुढच्या वीस वर्षांत परळमधल्या घरांचे जे भाव झाले ते बघता त्या नफ्यात पुष्कळ जागा होती.

अरुंद पूल

त्यानंतर काय झालं ते सर्वांसमोर आहे. मिलच्या जागी टॉवर आले, बँकांची आणि माध्यमांची कार्यालयं आली, उपाहारगृहं आली. जाहिरातींत लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ झालं. प्रत्येक टॉवरला आपापली परवानगी मिळाली, प्रत्येकाने आपल्या आवारात झाडं लावली. आवाराच्या बाहेर काय याची जबाबदारी कुणाचीच नव्हती, कारण एकत्र नकाशा नव्हताच.

29 सप्टेंबर 2017 ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, पाऊस पडत असताना परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्टेशनांना जोडणाऱ्या पुलाच्या जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. 23 माणसं गेली. मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांवरून येऊन इथल्या कार्यालयांत जाणाऱ्यांची सारी भिस्त अशा अरुंद पुलांवर होती. पुढे लष्कराने तिथे नवा पूल उभारला. त्याच वर्षी 29 डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या उपाहारगृहांत आग लागून 14 जणांचा जीव गेला. या घटनांना त्यांची त्यांची तातडीची कारणं आहेत आणि चौकश्याही झाल्या. पण ज्या भागात जमिनीचा वापर मुळापासून बदलला, तिथे जिना, फूटपाथ आणि दोन इमारतींमधली वाट यांचा हिशेब कुणी केला नव्हता, हे या दोन्ही तारखांच्या मागे आहे. स्टेशनाला जोडणारा पायी रस्ता शेजारच्या गिरण्यांच्या जमिनी एकत्र घेऊनच मिळणार होता.

त्या पुलाजवळ आलो की मी फारसं बोलत नाही.

घरं

म्हाडाच्या वाट्याला जी थोडी जमीन आली तिच्यावर गिरणी कामगारांसाठी घरं बांधली गेली. 28 जून 2012 ला पहिली मोठी सोडत निघाली. घरं 6,925, आणि अर्ज दीड लाखाच्या घरात. प्रत्येक घर 225 चौरस फूट, किंमत साडेसात लाख. 1 मार्च 2020 ला आणखी 3,894 घरांची सोडत झाली, तेव्हा किंमत साडेनऊ लाख होती. मधल्या काळात पनवेलजवळच्या कोन इथली काही घरंही देण्यात आली. जमीन मिळालीच नाही म्हणून घरं दूर सरकत गेली, आणि आता शेलू-वांगणीचं नाव पुढे आलं आहे, म्हणजे कर्जतच्या लोकलने बदलापूरच्याही पुढे. कामगारांच्या संघटना मुंबईतच घर द्या म्हणून आझाद मैदानावर येतात, त्यांत बहुतेकांचे केस पांढरे, आणि बरेचसे अर्ज आता वारसांच्या नावावर.

दादरच्या इंदू मिलची साडेबारा एकरांच्या आसपासची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्मारकाला मिळाली. त्यामागे लोकांचा रेटा होता. सगळ्यांनी एक होऊन मागितलं तर गिरणीची अख्खी जमीन सार्वजनिक कामाला मिळू शकते, हे तिथे दिसलं.

आता पूर्व किनाऱ्यावर, शिवडीपासून खाली, मुंबई बंदराच्या जमिनी आहेत. आराखड्याखाली आणलेलं क्षेत्र साडेनऊशे हेक्टरांहून जास्त, गिरण्यांच्या जमिनीच्या जवळपास चौपट, आणि मालकी एकाच सार्वजनिक संस्थेची. यंदा मी मुलांना गृहपाठ तोच दिला आहे. त्या प्रस्तावाचे रंगीत नकाशे बाजूला ठेवायचे, ‘सार्वजनिक मोकळी जागा’ या शब्दांची व्याख्या शोधायची, आणि त्यात काय काय मोजलं आहे ते आलेख कागदावर रंगवायचं.

या वर्षीच्या फेरीत आमच्याबरोबर एक काका होते. वय ऐंशीच्या जवळ, मूळ गाव सातारा जिल्ह्यात, काळाचौकीला लेकीकडे राहतात. संपापर्यंत साचे खात्यात होते, सुरुवातीची चार वर्षं बदली, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत काम मिळणारा, म्हणून. एका टॉवरच्या फाटकासमोर उभं राहून त्यांनी हाताने दाखवलं, इथे टाइम ऑफिस, तिकडे ब्लो रूम, आणि तो पोहण्याचा तलाव दिसतोय ना, तिथे आमचं तळं होतं. फाटकावरचा पोरगा अदबीने म्हणाला, काका, आत नाही जाता येणार. ‘नाही रे बाळा, आत नाही यायचं,’ काका म्हणाले.

त्यांच्या खांद्याच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यात ईएसआयचं कार्ड, पीएफची पावती, रजेचं पुस्तक आणि म्हाडाच्या अर्जाची घडी पडून फाटत आलेली पोचपावती. दोन्ही सोडतींत नंबर लागलेला नाही. मुलांनी कागद हातात घेऊन पाहिले, एकीने विचारून फोटो काढला. मग काकांनी सगळं पुन्हा होतं त्या क्रमाने पिशवीत ठेवलं आणि तिलाच विचारलं, ‘बाळ, तुझ्या फोनवर बघ जरा, दादरहून शेलूला जायला किती वेळ लागतो?’

तिने बघून सांगितलं, दीड तासाच्या पुढे.

‘आणि स्टेशनापासून?’

ते फोनवर नीट दिसत नव्हतं.